आधी धातू ठरवा, मग रंग

तयार सायकल न घेता फ्रेम एकीकडून, चाकं दुसरीकडून आणि गिअरचा संच तिसरीकडून आणून मनासारखी सायकल बांधायची ठरली, की पहिली चर्चा रंगाची होते. फ्रेम मोरपंखी, हब लाल, चेन सोनेरी, टायरच्या कडा मातकट, हँडलची टेप पांढरी. मोबाइलवर एकेक वस्तू देखणीच दिसते. सगळ्या एका सायकलीवर चढल्या, की मात्र करोल बागेतल्या वरातीचा बँड समोर उभा राहिल्यासारखं वाटतं.

घोळ सुरुवातीलाच झालेला असतो. चर्चा फ्रेमपासून निघते आणि बाकीच्या भागांत काय मिळतं, काय मिळत नाही, हे पैसे भरताना कळतं. क्रँक, डिरेलर, ब्रेक, हँडलबार, स्टेम, सीटपोस्ट, रिम या डोळ्यांत भरणाऱ्या भागांना बाजारात जवळपास दोनच रंग आहेत, काळा आणि चंदेरी. बाकीचे रंग यांच्याभोवती बसवायचे असतात. म्हणून आधी धातू काळा की चंदेरी ते ठरवा, मग फ्रेम रंगवा, आणि भडक रंगाची हौस सगळ्यात शेवटी, उरेल तेवढीच करा. हे मी दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद या टापूत सायकल बांधणाऱ्यांसाठी लिहितो आहे. पुण्या-नागपूरच्या वाचकांनी धूळ आणि धुरक्याचा भाग थोडा सौम्य करून वाचावा.

काळं की चंदेरी

तीसेक वर्षांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. रेसिंगच्या सायकलींचे भाग पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमचे असायचे. शिमानोचा १९८४ साली आलेला ड्यूरा-एस ७४०० हा संच जुन्या सायकलींचे शौकीन अजून शोधत फिरतात, त्यात त्या चकाकीचा वाटा मोठा. पुढे कार्बनच्या फ्रेम आल्या आणि त्यांच्यामागून काळा रंग आला. २०१६ च्या ड्यूरा-एस आर९१०० पर्यंत वरच्या संचांतून चंदेरी रंग जवळपास हद्दपार झाला होता. त्याच कंपनीचा मधल्या किमतीचा १०५ आर७००० हा २०१८ चा संच काळा आणि चंदेरी अशा दोन्हींत मिळायचा. २०२२ मध्ये बारा गिअरचा १०५ आला तो फक्त काळा. तेव्हा नवाकोरा, डिस्क ब्रेकचा, बॅटरीवर गिअर बदलणारा संच घेणार असाल, तर निवड कंपनीनं परस्पर करून टाकली आहे.

चंदेरी सायकल हवी असेल तर वाट जुन्या स्टीलच्या फ्रेममधून जाते, आणि या बाबतीत दिल्लीकर नशीबवान आहेत. सोनीपतच्या ॲटलसनं १९५१ पासून या भागात सायकली बनवल्या. तिचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी, बंद पडला. पण ॲटलसच्या फ्रेम गल्लोगल्ली जिवंत आहेत. मद्रासच्या टी. आय. कंपनीची बीएसए एसएलआर तर आपल्यापैकी निम्म्या लोकांनी शाळा-कॉलेजात चालवली असेल. अशी एखादी फ्रेम घरच्या गच्चीवर किंवा कबाड्याकडे मिळाली, की तिच्यावर क्रोमचे रिम, चंदेरी क्रँक आणि चंदेरी हँडल शोभतं. हे भाग झंडेवालानच्या सायकल बाजारात लुधियानाच्या मालात सहज मिळतात, आणि चांदणी चौकाला लागून असलेल्या एस्प्लनेड रोडवरही. पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेच्या परिसरात राहिलेल्या मराठी मंडळींना झंडेवालान परका नाही. तिथे सकाळी गर्दीच्या आधी जा आणि भाग हातात घेऊन उजेडात बघा.

काळा ठरवला की सुटलो, असं समजू नका. ॲनोडाइझ केलेला काळा किंचित करडा असतो आणि हलक्या प्रतीचा असेल तर वर्षभराच्या उन्हात त्याला जांभळट किंवा तपकिरी झाक येते. पेंटचा चकचकीत काळा खोल दिसतो. कार्बनचा काळा जवळून बघितला तर विणीसकट दिसतो. मॅट काळ्याची तऱ्हा आणखी निराळी. स्टेम एका जातीचा काळा, सीटपोस्ट दुसऱ्या आणि हँडल तिसऱ्या, असं झालं की महागडे भागही जुन्या बाजारातून उचलल्यासारखे वाटतात. स्टेम, हँडलबार आणि सीटपोस्ट हे तीन भाग तरी एकाच कंपनीचे, एकाच मालिकेतले घ्या. हे तीन जुळले की बाकीचं डोळा माफ करतो.

चंदेरीचंही तेच. क्रोम आरशासारखं आणि निळसर, पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम मऊ पांढरं, सॅटिन फिनिश राखाडी. क्रोमच्या रिमशेजारी पॉलिशचा क्रँक थोडा पिवळट वाटतो. राखाडी झालेला ॲल्युमिनियमचा क्रँक किंवा स्टेम बफिंग करून चमकवता येतो, त्याचे कारागीर मायापुरी आणि वझीरपूरच्या औद्योगिक भागात आहेत. फक्त दोन गोष्टी बजावून सांगा: आट्यांवर आणि जिथे भाग आवळला जातो त्या आतल्या पृष्ठभागावर बफिंगचं चाक लागता कामा नये. आणि वरचा ॲनोडाइझचा थर निघून गेला की उघडं ॲल्युमिनियम मळतं. अधूनमधून पॉलिश चोळायची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

शुद्धतेच्या मागे मात्र लागू नका. चंदेरी सायकलीवरही टायर, सीट, ब्रेकचे रबर काळेच राहतात. पूर्ण काळ्या सायकलीवरही चेन, कॅसेट आणि ब्रेकची चकती चंदेरीच असते. हे दोन्हींत निसर्गतः येणारं मिश्रण आहे, ते खपून जातं. खुपतं ते सात ठळक भागांमधलं चार-तीन असं अर्धवट वाटप.

फुकट मिळणारा रंग

दिल्लीत प्रत्येक सायकलीला एक रंग फुकट मिळतो, धुळीचा. फिकट खाकी. मे-जूनच्या आंधीत ती बंद खिडकीतूनही आत येते, मग बाल्कनीत उभ्या सायकलीचं काय सांगायचं. हा रंग तुमच्या निवडीत धरा, कारण वर्षातले बरेच दिवस सायकल त्याच रंगाची असणार आहे.

खाकी धूळ सगळ्यात जास्त दिसते ती काळ्यावर, आणि त्यातही मॅट काळ्यावर. मॅटचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. फडकं मारलं की धूळ निघण्याऐवजी खळग्यांत चोळली जाते, बोटांचे तेलकट ठसे उमटतात, आणि ते घालवायला पॉलिश लावलं तर तेवढीच जागा चकचकीत होऊन बसते. दुकानाच्या काचेमागे मॅट काळी फ्रेम फार रुबाबदार दिसते हे कबूल. गुरुग्राम-फरिदाबाद रस्त्यावर एक चक्कर मारून आल्यावर ती बघा. रोज वापरायची सायकल असेल तर चकचकीत फिनिश आणि मधल्या छटा निवडा: ऑलिव्ह, करडा, बदामी, आकाशी, गढूळ निळा. हस्तिदंतीवर धूळ दिसतच नाही, पण चेनजवळच्या दांड्यावर काळ्या तेलाचे शिंतोडे लगेच उठून दिसतात.

ऊन हा दुसरा शत्रू. लाल, जांभळे, गुलाबी ॲनोडाइझ केलेले भाग का उडतात हे कळलं तर निवड सोपी होते. ॲनोडाइझिंगमध्ये ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर विजेच्या साहाय्यानं ऑक्साइडचा थर वाढवतात. त्या थराला अतिसूक्ष्म छिद्रं असतात. छिद्रांत रंग मुरवायचा आणि वरून ती बंद करायची. हा मुरवलेला रंग बहुधा सेंद्रिय असतो आणि अतिनील किरणांत हळूहळू मरतो. पश्चिमेच्या बाल्कनीत दोन उन्हाळे काढलेला लाल हेडसेट गुलाबी झालेला मी पाहिला आहे, आणि त्याच सायकलीचा फ्रेमखाली सावलीत राहिलेला लाल बॉटम ब्रॅकेट जसाच्या तसा. टायटॅनियमच्या रंगीत बोल्टचं तंत्र निराळं. तिथे रंगद्रव्यच नसतं. ऑक्साइडच्या थराची जाडी व्होल्टेजनं ठरवतात आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतात तसे रंग प्रकाशाच्या खेळातून उमटतात. उन्हानं ते जात नाहीत. हाताचं तेल लागलं की छटा तात्पुरती बदलते, पुसलं की परत येते. पैसे खर्चच करायचे तर मी अशा चार बोल्टवर करीन.

फ्रेम भट्टीत घालण्याआधी

जुन्या स्टीलच्या फ्रेमला नवा रंग द्यायचा सगळ्यात टिकाऊ आणि परवडणारा मार्ग म्हणजे पावडर कोटिंग. मायापुरी, नारायणा, ओखला, साहिबाबाद, फरिदाबाद, नोएडाचे औद्योगिक सेक्टर, कुठेही चौकशी केली तरी एखादं युनिट सापडतं. पण ही युनिटं सायकलीवर जगत नाहीत. त्यांचं रोजचं काम म्हणजे खिडक्यांच्या जाळ्या, ऑफिसचं फर्निचर आणि विजेच्या पॅनेलचे पत्र्याचे खोके. तुम्ही एक फ्रेम घेऊन जाता तेव्हा त्यांच्या दृष्टीनं तुम्ही बारकं गिऱ्हाईक आहात, आणि ते ओळखूनच बोलणं करायचं.

रंगांचे आकडे पाठ करून जा. पावडरचे रंग राल या जर्मन पद्धतीनं ओळखले जातात. १९२७ साली चाळीस रंगांपासून तिची सुरुवात झाली, आज तिच्यात दोनशेच्या वर रंग आहेत. कुठल्याही युनिटमध्ये ९००५ म्हणजे काळा, ७०३५ म्हणजे फिकट करडा आणि ७०३२ म्हणजे ज्याला सगळे ‘सिमेन्स ग्रे’ म्हणतात तो खडीच्या रंगाचा करडा, हे हमखास असतात. तुम्हाला हवा असतो ६००५ गर्द हिरवा, ३००५ वाइन लाल, ५०१४ पारव्याच्या रंगाचा निळा किंवा १०१५ हस्तिदंती. पावडरचा खोका वीस-पंचवीस किलोचा येतो आणि एका फ्रेमला फार तर अर्धा किलो लागते. फक्त तुमच्यासाठी खोका कोण फोडणार? म्हणून मालकाला “हा रंग द्याल का?” असं न विचारता “या पंधरवड्यात कुठले रंग चालवणार आहात?” असं विचारा. कुणाच्या तरी बागेतल्या खुर्च्यांसाठी ६००५ चालू असेल, तर त्या खुर्च्यांबरोबर तुमची फ्रेम आकड्याला लटकते आणि पैसेही कमी पडतात. थोडं थांबायची तयारी असलेल्याला दिल्लीत चांगला रंग स्वस्तात मिळतो.

एक प्रश्न मात्र चुकवू नका: पावडर ‘प्युअर पॉलिस्टर’ आहे ना? इपॉक्सी मिसळलेली पावडर घरातल्या वस्तूंसाठी असते. ती दिसते तितकीच सुंदर, पण उन्हात तिची चमक जाते आणि हात लावला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. बाहेर वापरायच्या वस्तूला पॉलिस्टरच हवी.

फ्रेम देण्याआधी बॉटम ब्रॅकेटच्या खालचा फ्रेम नंबर लिहून घ्या आणि फोटो काढा. पावडरचा थर साठ-ऐंशी मायक्रॉनचा, काही वेळा त्याहून जाड असतो. नंबराची कोरीव अक्षरं त्यात बुजतात, आणि उद्या सायकल चोरीला गेली तर पोलिसांना सांगायला तोच नंबर लागतो. बॉटम ब्रॅकेटचे आटे, हेडसेट बसतो त्या कडा, सीट ट्यूबचं आतलं भोक, डिस्क ब्रेकचे माउंट, मडगार्ड-कॅरिअरचे बारीक आटे, हे सगळं झाकून मगच पावडर मारायची. युनिटमधल्या पोराच्या हातात फ्रेम सोपवून निघून गेलात तर झाकणं होईलच असं नाही. बूच, टेप सोबत न्या आणि कुठे लावायचं ते समोर उभं राहून दाखवा. जुना रंग काढायला बारीक दाण्याचं ब्लास्टिंग सांगा. चांगल्या स्टीलच्या नळ्यांची भिंत पातळ असते, जाडी वाळू जोरात मारली तर खरवडली जाते.

भट्टीतून आल्यावर फ्रेम उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या मागची बेचकी बघा. पावडर विजेच्या भारानं धातूला चिकटते आणि अरुंद कोपऱ्यांत तो भार पोचत नाही, त्यामुळे नेमका तिथेच थर विरळ राहतो. आणि नेमकं तिथेच मागच्या चाकाचं पाणी उडतं. विरळ दिसलं तर घरी आणण्याआधी परत मारून घ्या. आतून गंज धरू नये म्हणून नळ्यांत थोडं तेल फिरवून ठेवा.

भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. स्टीलला त्याचं काही नाही. ॲल्युमिनियमची फ्रेम असेल तर आधी बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं बघा. कार्बनची फ्रेम किंवा फोर्क, चिकटवून जोडलेले सांधे, सस्पेन्शनचा फोर्क, यांतलं काहीही भट्टीत जाता कामा नये. तिथे मोटारीचा दोन घटकांचा पीयू पेंट वापरायचा. गाड्यांची डेंटिंग-पेंटिंग करणारा चांगला कारागीर गाठा. तो हवी ती छटा मिसळून देतो, थर पातळ बसतो, वर क्लिअर कोट येतो. त्याच्याकडे भारतीय मानक आयएस ५ चे रंगही सांगता येतात. त्यातला ५३८ क्रमांक म्हणजे टपालपेटीचा लाल. आपल्याकडच्या स्टीलच्या फ्रेमवर तो जसा शोभतो तसा कुठलाच परदेशी लाल शोभत नाही, असं माझं पक्षपाती मत आहे.

पुण्याला जाणं झालं तर कर्वेनगरातलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून या. जुन्या इंग्लिश आणि भारतीय सायकली तिथे ओळीनं उभ्या आहेत. काळ्या फ्रेमवर सोनेरी किंवा हिरवी बारीक रेघ, एवढ्यात त्या लोकांनी किती काम भागवलं होतं! ती रेघ हातानं मारलेली असायची. आजही दिल्लीत रिक्षा आणि ट्रक रंगवणाऱ्यांत लांब केसांच्या ब्रशनं एका श्वासात सरळ रेघ ओढणारे हात आहेत. स्टिकरपेक्षा अशी एक रेघ मारून घ्या.

हौसेचा रंग

आता लाल हब आणि सोनेरी चेनकडे वळू. माझा नियम असा: जो भाग दहा वर्षं टिकतो त्यावर रंग लावा, किंवा जो स्वस्त आहे आणि लवकर बदलावाच लागतो त्यावर लावा. मधल्या भागांवर लावू नका.

दहा वर्षांचे भाग म्हणजे हेडसेट, हब, सीट क्लॅम्प, स्टेमखालच्या चकत्या. अमेरिकेतली ख्रिस किंग आणि इंग्लंडमधली होप या कंपन्या हेडसेट, हब, बॉटम ब्रॅकेट एकाच रंगात काढतात, म्हणजे घराणं जुळतं. महाग पडतात आणि कस्टम्सचं दुखणं वेगळं; पण घ्यायचेच असतील तर सगळे एकाच वेळी, एकाच कंपनीचे घ्या. दोन कंपन्यांचे लाल कधीच जुळत नाहीत. एकाच कंपनीच्या दोन वर्षांच्या घाण्यातही फरक पडतो. आणि ॲनोडाइझच्या लालला पेंटचा लाल जुळवण्याच्या फंदात तर पडूच नका. एकाखालून धातू चमकतो, दुसऱ्याखालून नाही, ते शेजारी आले की भांडतात.

स्वस्त भाग म्हणजे केबलचं आवरण आणि हँडलची टेप. काही शे रुपयांत अख्ख्या सायकलीचा नूर बदलतो, आणि कंटाळा आला की पुढच्या सर्व्हिसिंगला रंग बदलता येतो. रंगाबद्दल मनात शंका असेल तर आधी इथेच करून बघा.

मधले भाग म्हणजे चेनरिंग, चेन, पेडल, टायर, सीट. रंगीत चेनरिंग झिजेपर्यंत ते मॉडेल बंद झालेलं असतं आणि बदली म्हणून काळी येते. मग लाल हब एकटाच लाल राहतो. सोनेरी चेनवरचा टायटॅनियम नायट्राइडचा थर खरंच टिकाऊ असतो, पण दिल्लीची धूळ आणि चेनचं तेल मिळून जो काळा लेप होतो त्याखाली सोनं आठवड्याभरात दिसेनासं होतं. नुसता रंग मारलेली चेन तर दातांवर पहिल्याच महिन्यात सोलते. टायरच्या रबरात काळा रंग कार्बन ब्लॅकमुळे येतो. रबराला बळकटी आणि उन्हापासून संरक्षण त्यातूनच मिळतं. म्हणून धावेचा पट्टा काळाच ठेवा, रंगाची हौस फार तर कडेवर भागवा.

दोन ठिकाणी रंगाचा मोह सरळ धोक्याचा आहे. रंगीत ॲल्युमिनियमचे बोल्ट बाटलीच्या पिंजऱ्याला ठीक आहेत. स्टेमला, ब्रेकला, सीटपोस्टला स्टील किंवा टायटॅनियमच हवेत. स्पोकचे रंगीत ॲल्युमिनियमचे निपल पावसाळ्यानंतर गंजून जाम होतात आणि चाक ओढताना गोल होतात. पितळी निपल घ्या, चंदेरी किंवा काळे. आणखी एक, रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर ब्रेक घासतो त्या पट्टीवर पावडर किंवा पेंट नको. तो निघतोच, आणि निघेपर्यंत ब्रेक नीट लागत नाही.

तपकिरी रंगाबद्दल थोडं. चामड्याची मधाळ रंगाची सीट आणि तशीच टेप ही जोडी फार लोकप्रिय आहे, आणि नव्या सायकलीवर ती जुळतेही. पण ब्रूक्ससारखी चामड्याची सीट घाम, ऊन आणि तेल पिऊन वर्षभरात गडद होते. टेप मात्र होती तिथेच राहते. म्हणून टेप सीटपेक्षा दोन छटा गडद घ्या. टायरच्या मातकट कडा धरून तिसरा तपकिरी आणू नका. दिल्लीच्या पावसात रस्त्यावरचं काळं पाणी लागून त्या कडा लवकरच डागाळतात. बांबूच्या फ्रेमवर मात्र हे सगळे तपकिरी गोडीनं नांदतात. पुण्यात निवृत्त विंग कमांडर शशिशेखर पाठक यांनी ‘बांबूची’ या नावानं तशा सायकली बनवल्या आहेत, तिथे फ्रेमचा रंग वेळूनंच ठरवलेला असतो म्हणा ना.

धुरक्यातली सायकल

नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे सायकल काढणाऱ्यांनी हा भाग टाळू नये. धुकं आणि धूर मिसळलेल्या हवेत काळी सायकल, काळे कपडे आणि काळं हेल्मेट घातलेला माणूस मोटारवाल्याला फार उशिरा दिसतो. यावर निऑन पिवळा रंग हा उपाय अर्धाच आहे. निऑन रंग अतिनील किरण पिऊन दृश्य प्रकाश फेकतो, म्हणून दिवसा आणि संधिप्रकाशात तो ढळढळीत दिसतो. रात्री हेडलाइटसमोर तो साध्या पिवळ्याहून फार वेगळा नसतो. उन्हात लवकर विटतो ते वेगळंच.

रात्री उपयोगी पडतो तो रिफ्लेक्टिव्ह पट्टा, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे तो काळ्या रंगातही मिळतो. दिवसा काळ्या फ्रेमवर दिसतही नाही, हेडलाइट पडला की पांढरा पेटतो. मागच्या दांड्यांवर, क्रँकच्या मागच्या बाजूला, रिमवर त्याचे तुकडे लावा. फिरणारी, वरखाली होणारी चमक स्थिर चमकीपेक्षा लवकर लक्ष वेधते, म्हणून पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर ‘लूक बिघडतो’ म्हणून उपटून टाकू नका. पुढे पांढरा, मागे लाल हेही राहू द्या. आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या मडगार्डचं टोक पांढरं रंगवलेलं असतं, ते शोभेसाठी नव्हे. मडगार्ड लावणार असाल तर तो पांढरा तुकडा जरूर ठेवा; हस्तिदंती फ्रेमवर तर तो मुद्दाम केल्यासारखा सुंदर दिसतो.

सायकल मेट्रो स्टेशनच्या पार्किंगला लावून कामाला जाणार असाल, तर भडक रंगाची हौस आणखी कमी करा. चोराची नजर आधी लाल हबवर पडते, साध्या राखाडी सायकलीकडे तो दुसऱ्यांदा बघत नाही.

ठरवण्याआधी फ्रेमचा बाजूनं फोटो काढून मोबाइलवर भाग रंगवून बघा आणि मग तोच फोटो कृष्णधवल करा. रंग काढून घेतल्यावर गडद आणि फिकट भागांची विभागणी नीट दिसत असेल तर सायकल रंगातही चांगलीच दिसेल. सगळं एकाच करड्यात विरघळत असेल, तर लाल-हिरवा कितीही बदला, गिचमीड हटणार नाही. दुकानातल्या निळसर एलईडीखाली नमुना पसंत करू नका. बाहेर उन्हात न्या, आणि जमलं तर रात्री रस्त्याच्या दिव्याखालीही बघा. पावडरचा नमुना छापील कार्डावर न बघता पत्र्याच्या तुकड्यावर मागा. खरेदीचा क्रमही जुळवायला अवघड ते आधी असा ठेवा: गिअरचा संच, चाकं, मग फ्रेमचा रंग, मग सीट, आणि टेप सगळ्यात शेवटी, सायकल उभी राहिल्यावर.

काम झालं की रालचा आकडा, पावडरच्या कंपनीचं नाव आणि चकचकीत की मॅट हे बिलावर लिहून घ्या. ओरखडा पडला तर पावडर ब्रशनं लावता येत नाही; तो आकडा दाखवून मोटारीच्या रंगाच्या दुकानातून जवळची छटा मिसळून बाटलीत आणता येते. चेन आपटते त्या दांड्यावर आणि केबल घासतात त्या हेडट्यूबवर गाड्यांना लावतात तशी पारदर्शक फिल्म चिकटवा. हे काम क्रँक बसवण्याआधीच उरकून घ्या, नंतर तिथे हात पोचत नाही.